सात दिवसांची टोपी

मित्रांनो, मी एक जुनी टोपी आहे. पण मला आजवर कोणी धुतलेले नाही, खुंटीला टांगलेले नाही, की बसमध्ये विसरलेले नाही. मी मोबाइलवरच्या एका खेळात राहते. हजारो माणसे आपापल्या घरातून एकाच वेळी तो खेळ खेळतात, आणि त्यांतल्या काहींच्या पात्रांच्या डोक्यावर मी बसते. माझ्या प्रती अनेक, पण एकीला दुसरीची खबर नसते. माझे वय अवघी दोन वर्षे. तुमच्या जगात दोन वर्षांची टोपी नवीच म्हणायची, आमच्या जगात ती आजीबाई.

माझा जन्म एका कचेरीत, तिसऱ्या मजल्यावर झाला. एका चित्रकार ताईने मला महिनाभर खपून काढले. रंग मोरपिशी, कडेला सोनेरी वेलबुट्टी, आणि वर एक इवलेसे घुबड. त्या घुबडाची पापणी तिने अठ्ठावीस वेळा पुसून पुन्हा काढली. शेवटी ते खरेच डोळा मिचकावू लागले, तेव्हा ती खुर्चीतच टाळी वाजवून हसली. तेवढ्यात साहेब आले.

"झकास!" ते म्हणाले. "ही सात दिवस द्यायची. डोंगरावर सात दारं, रोज एक उघडायचं. एक जरी चुकलं तरी सगळं मुसळ केरात."

"आणि सात दिवसांनंतर?" ताईने विचारले.

"नंतर कोणालाच नाही. कधीच नाही."

"कधीच? अहो, महिनाभर राबलेय मी हिच्यावर!"

"म्हणून तर! रोज मिळणाऱ्या वस्तूला कोण विचारतो?"

मी हादरले. जन्माला येऊन तास झाला नव्हता आणि माझ्या तोंडावर दार लावायची तारीखही ठरली होती.

पण खोटे कशाला बोलू? साहेबांचे म्हणणे फळाला आले. ओस पडत चाललेला खेळ पहिल्याच दिवशी माणसांनी फुलून गेला. एकमेकांचे नावगाव ठाऊक नसलेली माणसे एकमेकांना वाट दाखवू लागली, पडलेल्याला हात देऊ लागली. हे सारे माझ्यासाठी! मी सातव्या दारामागे बसून ऐकत होते आणि माझी मान, टोपीला असते तेवढी, ताठ झाली होती.

त्या गर्दीत एक जोडी होती, 'सुई-दोरा' नावाची. त्या दोघी नणंद-भावजया. वहिनी कपडे शिवायची, छोट्याशा दुकानात. नणंद दुसऱ्या शहरात नर्स होती. दुपारी तीनला वहिनी दुकानाचे शटर अर्धे ओढायची, दोऱ्याच्या रिळांना टेकवून फोन उभा करायची आणि तासभर दोघी खेळायच्या. नणंद पुढे घुसायची म्हणून ती सुई, वहिनी मागून यायची म्हणून ती दोरा. नणंदेचा सख्खा भाऊ तिला वर्षातून दोनदा फोन करायचा, तोही हवापाण्याबद्दल. माहेराशी तिचा खरा धागा म्हणजे हा एक तास.

आणि काय भांडायच्या! "मागे राहा म्हटलं ना, डोकं आहे का खोकं?" असे नणंदेने म्हणावे, आणि "हो, वन्सं, चुकलं, आता पाया पडू का?" असे वहिनीने चिडवावे. मग दोघी इतक्या हसायच्या की समोरचा राक्षस निवांत निघून जायचा.

पहिल्याच दिवशी त्यांनी ठरवले होते की टोपी घ्यायची ती दोघींनी मिळून, नाहीतर कोणीच नाही. सहा दारे त्यांनी बरोबरीने उघडली. सातवे तर सोपे होते, नुसते ढकलायचे. संध्याकाळी सहाला ते कायमचे बंद होणार होते.

सातव्या दिवशी दुपारी नणंदेचा निरोप आला. वॉर्डात अचानक गर्दी झाली होती, तिला सुट्टी मिळणार नव्हती. "जमणार नाही गं वहिनी. जाऊ दे." वहिनीने लगेच लिहिले, "मग मीही नाही."

मला बरे वाटले, मित्रांनो. चांगली माणसे आहेत, मी म्हटले. नाही मिळाली टोपी तर न मिळो.

सहाला दहा मिनिटे कमी असताना दार करकरले. दारात दोरा उभी होती, एकटी.

वहिनी काही लबाड बाई नव्हती. गिऱ्हाइकाच्या कापडाचा वीतभर तुकडा उरला तरी ती घडी घालून परत करायची. पण त्या 'कधीच नाही'ने तिच्या जिवाची घालमेल केली होती. पाचपासून तिने एकाच पँटची शिलाई तीनदा उसवली होती. तिने मला उचलले, डोक्यावर ठेवले, खेळातल्या आरशात पाहिले आणि लगेच काढून आपल्या सामानाच्या पेटीत टाकले. मग नणंदेला लिहिले, "बंद झालं बघ दार. सुटलो." उत्तर आले, "हो ना. सुटलो."

पुढे वहिनी मला चोरून घालायची. सकाळी दुकान उघडण्याआधी दहा मिनिटे. अनोळखी लोक थांबून विचारायचे, "कुठे मिळाली हो?" माझे कौतुक व्हायचे आणि वहिनीची कानशिले लाल व्हायची. तीन वाजायच्या आत मी पुन्हा पेटीत. हळूहळू तिने सकाळचे घालणेही सोडले. मग महिनेच्या महिने मी अंधारात पडून राहिले.

पेटीतून आवाज तेवढे ऐकू यायचे, आणि ते ऐकून मी आणखीच चक्रावले. दोघी भांडेनाशा झाल्या होत्या! "हे तू घे गं." "नको वहिनी, तूच घे." "तू पुढे हो." "नाही, आधी तू." एकदा या 'आधी तू, आधी तू'च्या नादात पूल कोसळला आणि दोघी नदीत गेल्या. तरी कोणी कोणाला बोलले नाही. वहिनीच्या पोटात अपराध होता, म्हणून ती साखरेसारखी वागत होती, हे मला समजत होते. पण नणंदेला काय झाले होते? तिच्या बोलण्यात एवढी साखर कुठून आली? आणि दोन वर्षांनी, तशाच गोड आवाजात, ती म्हणाली, "वहिनी, या महिन्यानंतर मी खेळ बंद करते म्हणते. पूर्वीसारखं काही वाटत नाही."

वहिनीच्या हातातली कात्री खाली पडली. तो एक तास गेला तर या बाईशी बोलायला आपल्याजवळ उरते काय, हे तिला त्या क्षणी लख्ख कळले.

आणि त्याच आठवड्यात कंपनीने जाहीर केले की लोकाग्रहास्तव ती टोपी पुन्हा देणार, एकच दिवस, फक्त सातवे दार ढकलायचे! माझ्यावर तर वीजच पडली. 'कधीच नाही'चे काय झाले? त्या शब्दांवर विश्वास ठेवून माणसांनी जेवणे टाकली, कामे टाकली, वहिनीने शब्द मोडला, आणि तो शब्द देणाऱ्यांनी स्वतः मात्र सहज पुसून टाकला! माझे जुने मालक चिडले की आमचा मान गेला. वहिनीला मात्र देव पावल्यासारखे झाले. तिने फोन लावला. "चल गं, या वेळी दोघी मिळून घेऊ!"

"चल," नणंद म्हणाली. तिलाही घाई झालेली दिसली.

दुपारी तीनला दोघी दारासमोर उभ्या राहिल्या. तीन मोजून एकदम ढकलायचे ठरले. ढकलले. दार हलले नाही. वहिनीच्या फोनवर अक्षरे उमटली: 'ही टोपी तुमच्याकडे आधीच आहे. दार उघडणार नाही.'

एवढी साधी गोष्ट तिच्या लक्षातच आली नव्हती.

"वहिनी, तुला काय दिसतंय?" नणंदेने विचारले.

"काही नाही गं... नेट गेलंय बहुतेक. तुला?"

"माझंही नेट गेलंय."

नेट गेले होते आणि दोघींचे आवाज मात्र खणखणीत ऐकू येत होते.

"वहिनी," नणंद हळूच म्हणाली, "'आधीच आहे' असं आलंय ना?"

"तुला... तुला कसं कळलं?"

"मलाही तेच आलंय."

मित्रांनो, मी आजवर बरेच धक्के पचवले, पण हा पचेना. तिच्याकडेही मी! त्या संध्याकाळी औषधांच्या खोलीत उभे राहून, सहाला सात मिनिटे कमी असताना, नणंदेनेही दार ढकलले होते. तिने ते कबूल केले, वहिनीनेही आपली वेळ सांगून टाकली. दोन वर्षे दोघींनी एकमेकींची कीव केली, एकमेकींपासून मला लपवले आणि सुखाचा एक तास साखरेत बुडवून मारला.

"खोटारडी!" वहिनी ओरडली. "दोन वर्षं मला जेवण गोड लागलं नाही!"

"आणि तू काय सत्यवचनी? 'मग मीही नाही' कोणी लिहिलं होतं?"

"तू पण 'सुटलो' लिहिलंस की! लाज नाही वाटली, वन्सं?"

"माझ्या आधी तीन मिनिटं उघडलंस तू! मोठी ना तू?"

शटरखालून एक गिऱ्हाईक वाकून पाहून गेले. दोन वर्षांचे भांडण दोघींनी एका दमात भांडून घेतले, आणि भांडता भांडता दोघी रडू लागल्या.

मग नणंद नाक ओढत म्हणाली, "टाकून देऊया का ती? आपल्याकडे नसेल तर दार उघडेल कदाचित."

"आणि नाहीच उघडलं तर?"

"तर उघड्या डोक्यानं खेळू. पूर्वी खेळत नव्हतो?"

वहिनीने पेटी उघडली. 'टाकून द्या' दाबले. खेळाने विचारले, 'नक्की? ही वस्तू परत मिळेलच असे नाही.' खाली 'हो' आणि 'नाही'. वहिनीचा अंगठा थांबला. नणंदेचा फोन दुसऱ्या शहरात. तिने खरेच टाकली की नाही, हे इथून दिसणार नव्हते. दोन वर्षांपूर्वीही दिसले नव्हते.

मला भीती वाटायला हवी होती. पण आश्चर्य असे की मलाच वाटू लागले, दाब गं बाई.

मित्रांनो, तुमच्यातले कोणी उद्या खेळ बनवतील. शर्यती ठेवा, बक्षिसे ठेवा, सात दिवसांची धमालही ठेवा. ती गर्दी, ती सहा दारे मीही विसरणार नाही. पण बक्षिसावर 'कधीच नाही' लिहू नका. उशिरा येणाऱ्यासाठी एखादी फट राहू द्या. त्या दोन शब्दांनी माणूस घाबरतो, आणि घाबरलेला माणूस पहिल्यांदा आपल्याच माणसाशी खोटे बोलतो. आणि तुम्ही खेळणारे असाल तर टोपीपेक्षा जोडीदाराला जपा.

"वहिनी, तू टाकशील ना खरंच?" फोनमधून आवाज आला.

वहिनीने डोळे पुसले. "तू टाक, नाहीतर ठेव. मी टाकतेय."

आणि तिचा अंगठा 'हो'वर खाली आला.