खरमोराचा नकाशा

पेन्शनीत निघाल्यावर माणसाने देवदर्शन करावं, बायकोचं ऐकावं, निदान ओसरीवर बसून लोकांना नावं ठेवावीत. नीलकंठराव यांतलं काहीच करीत नसत. तिरल्याजवळच्या बिडात, म्हणजे जहागिरीच्या राखीव गवताळ माळावर, ते सबंध पावसाळा खरमोर राखत हिंडत. कोणी सांगितलं नव्हतं, पगार तर नव्हताच. गुडघे दुखत, धोतर चिखलाने जड होई. त्यांच्या बायकोने, सुभद्राबाईंनी, आता विचारणंही सोडलं होतं.

खरमोर म्हणजे कोंबडीएवढा पक्षी. आषाढात बिडात उतरतो, गवतातच अंडी घालतो. नर दिवसभर गवतावर उंच उड्या मारतो, त्यामुळे बंदूकवाल्याला शोधायचे कष्ट नसतात. दोन वर्षं नीलकंठराव विनवण्या करकरून गुरं दुसरीकडे वळवीत होते. गुराखी ऐकत. बंदूकवाले ऐकत नव्हते.

म्हणून १९०७ साली त्यांनी जहागिरीच्या कचेरीत अर्ज द्यायचं ठरवलं. पिल्लं उडेपर्यंत शिकार बंद ठेवावी, एवढंच मागणं. पण बत्तीस वर्षं याच जहागिरीची जमीन मोजलेला माणूस. नुसता अर्ज देणं त्यांच्या हाडात नव्हतं. पंधरा दिवस पावसात साखळी ओढून त्यांनी नकाशा केला. ओढा, बाभळी, नर उडतात त्या जागा आणि लाल शाईने माद्यांची एकवीस घरटी. साखळीचं दुसरं टोक बिडाचा रखवालदार मानाजी धरी.

"रावसाहेब, इतना सब कागदावर कशाला?" तो म्हणाला. "शिकार बंद करा म्हणावं, बस."

जागा दाखवल्याशिवाय कचेरी मानत नाही, असं नीलकंठरावांनी त्याला समजावलं. खरं तर जागा दाखवल्याशिवाय त्यांनाच चैन पडत नव्हती.

अर्ज शिरस्त्याप्रमाणे फिरला आणि पक्ष्यांचा विषय म्हणून शिकारखान्याकडे, म्हणजे जहागिरीच्या शिकारीची व्यवस्था पाहणाऱ्या खात्याकडेच गेला. आठव्या दिवशी शिकारखान्याचे दरोगा भैयासाहेब तीन पाहुणे घेऊन बिडात आले. नकाशा त्यांच्या हातात होता. दुपारपर्यंत सतरा नर पडले. माद्या घरट्यांवरून उठवून मारल्या.

नीलकंठराव धापा टाकीत पोचले, तेव्हा भैयासाहेबांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "काय सुरेख काम केलंत, राव. पुढल्या सालीही असाच नकाशा पाहिजे."

दोन दिवस नीलकंठराव जेवले नाहीत. आपणच त्यांचे गळे कापले, असं ते सुभद्राबाईंना म्हणाले. एरवी टोमण्याशिवाय न बोलणाऱ्या सुभद्राबाई नुसत्या शेजारी बसून राहिल्या.

पुढल्या आषाढात कचेरीकडून नव्या नकाशाचा लेखी हुकूम आला. उभ्या नोकरीत नीलकंठरावांनी एक ओळ खोटी लिहिली नव्हती. आता ते लिहिणार होते आणि त्याची त्यांना लाज वाटत नव्हती. कितीही पक्षी दिसोत, कचेरीला 'एकही नाही' असंच कळवायचं. फक्त किती आहेत ते आपल्याला ठाऊक असावं, म्हणून ते मानाजीला घेऊन रोज बिडात जात. आषाढ गेला, श्रावण निम्मा सरला, गवत कमरेला लागलं. एकही नर उडाला नाही.

"औंदा आलेच नाहीत," शेवटी मानाजी म्हणाला.

नीलकंठराव तिथेच बांधावर बसले. कागद मांडीवर घेऊन त्यांनी 'एकही नाही' असं लिहिलं आणि खाली सही केली. खोटं लिहायची वेळच आली नाही.