नाकाला टू, कानाला इंग

दत्तोबा मास्तर पेन्शनीत निघाले, ते आपलं इंग्रजी आठवीच्या वर्गात तसंच सांडून गेले. कुठल्या क्रियापदापुढे 'टू' येतो आणि कुठल्यापुढे 'इंग', हे त्यांनी जन्मात कुणाला समजावलं नाही. शाळेच्या तपासणीला ते पुण्याहून येणाऱ्या साहेबांच्या पाठीमागे उभे राहत. नाकाला हात लावला की मुलं 'टू' म्हणत, कानाला लावला की 'इंग'. तपकिरीमुळे हात बहुतेक नाकालाच. म्हणून लोणावळ्याच्या त्या शाळेत 'टू'चं पीक जास्त.

त्यांच्या जागी अठ्ठावन्न साली आलेल्या मुक्ताबाई वर्षभराच्या बोलीवर होत्या. तपासणीचा शेरा चांगला पडला तर कायम, नाहीतर कामशेतला भावजयीच्या हाताखाली भांडी. महिनाभर त्यांनी घसा कोरडा केला. एकदा आंदर मावळातल्या सरूला विचारलं, "इथं 'टू' का गं आला?"

"बाई, तुमी आदी नाकाला हात लावा की. मंग सांगते."

मुक्ताबाईंना शिसारी आली. हेडमास्तर महिपतरावांना मात्र ही रीत पसंत होती. "मुलांना कळायची घाई कशाला, बाई? साहेबांना ऐकू गेलं म्हणजे झालं."

तपासणीचे साहेब आले तेव्हा मागच्या पडवीत कोंबडीचा रस्सा उकळत होता, आणि साहेबांचं अर्धं लक्ष तिकडेच. त्यांनी फळ्यावर 'आय एन्जॉय' एवढंच लिहिलं.

"पुढे काय? टू स्विम की स्विमिंग?"

फळ्याकडे कुणी बघेना. गोठ्यातली गुरं वैरणीकडे बघतात तसा अख्खा वर्ग मुक्ताबाईंच्या तोंडाकडे बघत राहिला. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे गच्च धरले. तेवढ्यात दारात उभे असलेले महिपतराव स्वतःचा कान लाल होईस्तोवर पिळू लागले.

"स्विमिंग!"

"शाबास!" म्हणत साहेबांनी घाम पुसायला रुमाल काढला, तो नाकावरून फिरला.

"टू स्विम!" वर्ग त्याच दमात ओरडला.

साहेबांनी मागे वळून पाहिलं. महिपतरावांचा हात अजून कानावरच. साहेब खो खो हसले. "अजून हेच चाललंय का? आमच्या वेळी मास्तर टोपी सरकवायचे."

मुक्ताबाई पुढे झाल्या. "साहेब, या मुलांना काही येत नाही. तसंच लिहा."

"लिहीन की. मग महिन्यानं फेरतपासणी. पुण्याहून पुन्हा खेप कोण घालणार, तुम्ही?" असं म्हणून त्यांनी उभ्या उभ्या शेरा ओढला: वर्ग तयार, बाईंना कायम करावे.

"बघा!" महिपतराव हरखले. "खरं बोललात तरी काही बिघडलं नाही. करा शेऱ्याखाली सही, आणि चला, पानं वाढलीत."

खरं बोलण्याची किंमतसुद्धा इथे कुणी घेईना, याचीच मुक्ताबाईंना जास्त किळस आली. पंगतीला त्या गेल्या नाहीत. सही मात्र केली, आणि पेन ठेवल्यावर कितीतरी वेळ बोटं पदराला पुसत राहिल्या.