भावजयीची शिकवणी

माझ्या भावजयीला आमची तशेलहीत भाषा मी शिकवली, तीही तिच्या साठीनंतर. हे मी गावात कुणालाही छाती पुढे काढून सांगते. बतूल कासाब्लांकाची, अरबी बोलणारी. माझा धाकटा भाऊ बिही चाळीस वर्षं तिथं किराणा दुकान चालवत होता. त्याचा सगळा संसार अरबीतच झाला, आणि आमची भाषा त्यानं वर्षाकाठी डोंगरातल्या या घरी येऊन माझ्याशी बोलण्यापुरती राखून ठेवली. मग त्याला अर्धांगाचा झटका आला. शुद्धीवर आला तेव्हा अरबी पार पुसून गेली होती, उरली होती ती लहानपणची भाषा. बायको समोर बसलेली, आणि दोघांत एक शब्द नाही!

त्याला घेऊन ती इथं आली आणि माझ्या मोडक्यातोडक्या अरबीला समजेल असं सावकाश म्हणाली, "वन्सं, तो जाण्याआधी मला त्याच्याशी बोलायचंय."

मी तिला अंगणात बायकांसोबत तेलासाठी अर्गन झाडाच्या बिया फोडायला बसवलं. एका हातात बी, दुसऱ्या हातात दगड आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. आम्ही सगळ्याजणी अशाच बोलायला शिकलो. पहिल्याच दिवशी तिनं अंगठा चेचून घेतला.

"शहरातला अंगठा! लोण्यात ठेवला होता वाटतं?" शेजारची तूदा म्हणाली.

बतूलला तेव्हा त्यातलं अक्षरही कळलं नाही, पण पुढे एक दिवस तिनं तूदाला आमच्याच भाषेत "आधी तुझी जीभ फोडते" असं सुनावलं आणि सगळं अंगण हसलं. मग एकदा धीर करून तिनं बिहीला विचारलं, "चहा देऊ?"

"साखर बेताची घाल," तो म्हणाला. "काल नुसता पाक केला होतास."

दाराआड जाऊन ती रडली. मीही रडले. देव पावला होता.

त्यानंतर बिही बोलतच सुटला. एकदा तो तिला म्हणाला, "टोळधाड आली त्या वर्षी गच्चीवर आपण डबे बडवत होतो, आठवतं?" बतूलनं माझ्याकडे पाहिलं. गच्चीवर त्याच्यासोबत मी होते. बतूल तेव्हा कासाब्लांकात कुणाच्या तरी कडेवर असेल. पण आजाऱ्याचं बोलणं खोडू नये, ही आमच्या घरची रीत.

"हो म्हण गं," मी सांगितलं. "तुझं काय जातं?"

"आठवतं की," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बिया फोडताना तीच सांगू लागली, की तिचा डबा तेलाचा होता, त्याला पोचा आला म्हणून आईनं तिला उपाशी झोपवलं. हे घडलं होतं, पण माझ्या बाबतीत. आणि मी ते आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, बिहीलाही नाही. मला नवल वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, अभिमानही वाटला, कारण उच्चार कसा अगदी आमच्या घरचा होता. मग रोज तो विचारायचा आणि रोज ती हो म्हणायची. एके दिवशी त्यानं तिला "अक्का" अशी हाक मारली आणि तिनं सहज ओ दिली. मी हसून सोडून दिलं. त्या दुपारी चुलीशी बसून आईचा चेहरा आठवायला गेले, तर डोळ्यांसमोर आली बिहीच्या दुकानाची पायरी आणि तिच्यावर खेळणारं लहानगं पोर. त्या दुकानात मी कधी पाऊलही ठेवलेलं नाही.

बदाम फुलले तेव्हा बतूलचा मुलगा रिदवान आईला शहरात न्यायला गाडी घेऊन आला. माझ्या अरबीची आता फजिती होणार म्हणून मी धास्तावले होते, पण शब्द कसे भराभर येत गेले! किती रोडावलास म्हणून मी त्याला रागावले, सुनेची चौकशी केली, त्याच्या टकलाची थट्टाही केली. एकही चूक नाही! या वयात, आणि कुणी न शिकवता! पलीकडे उन्हात बिही आणि बतूल एकमेकांना टाळ्या देत हसत होती. काय बोलत होती कोण जाणे, मला त्यातला एकही शब्द लागेना. पण तिची इच्छा पुरी झाली, या आनंदानं माझा ऊर भरून आला होता.

रिदवाननं बापाचा हात कपाळाला लावला. मग वाकून त्यानं तिच्या डोक्याचं चुंबन घेतलं.

"येतो, आत्या," तो तिला म्हणाला, आणि गाडीचं दार त्यानं माझ्यासाठी उघडून धरलं.