मयताआधीची भेट

टोपली मोठी दिसली पाहिजे, एवढंच नाफिरीचं म्हणणं होतं. बाळ केवढं आहे, हे तिनं विचारलंही नाही.

एनेलेसनं न विचारताच सांगितलं, "एक किलो दोनशे. दोन महिने आधी आलंय."

"देवाची इच्छा," नाफिरी म्हणाली आणि टोपलीच्या कडेला प्लॅस्टिकचा गुलाब खोचला.

देड्झा गावच्या बाजारामागं चर्चची खोली होती, तिथं बायकांचं मंडळ जमलं होतं. नाफिरी सोळा वर्षं मंडळाची अध्यक्ष. तिला हलवायचं तर मरणानंच हलवावं, आणि मरणही तिला जरा भिऊनच असावं. एनेलेस बाजारात काउंजिका विकायची, म्हणजे परदेशातून गठ्ठ्यांनी येणारे जुने कपडे. कापडाची पारख तिला बोटांनीच कळे, म्हणून भेटी निवडायचं काम तिच्याकडं आलं होतं. शिवाय बाळ तिच्या मेलेल्या बहिणीच्या मुलीचं, तदालाचं होतं. आई नसली की मावशी हीच आई, आणि ते तिनं कधी नाकारलं नव्हतं.

तिनं आपल्या निवडलेल्या वस्तू चटईवर मांडल्या. कमरेला गुंडाळायची तीन जुनी चितेंजे, धुऊन धुऊन मऊ झालेली. संत्र्यावर बसेल एवढीशी लोकरी टोपी. पुढून बटणं असलेला पुरुषी शर्ट, बाळ छातीशी ठेवून अंगात घालता येईल असा. लापशीत घालायला शेंगदाण्याचं कूट. झाकणाची बादली.

नाफिरीनं एक चितेंजे दोन बोटांत उचललं, मेलेला उंदीर शेपटीनं धरावा तसं.

"नाबांडा," तिनं एनेलेसला कुळाच्या नावानं हाक मारली, "हे कुणीतरी नेसलेलं आहे."

"मीच नेसलेय. अकरा वर्षं. त्या पोराची कातडी भाजलेल्या टोमॅटोच्या सालासारखी आहे. नवं खळीचं कापड लागलं तर सोलून निघेल."

"शी. वर्णन नको. आम्ही मंडळातर्फे जातोय, काय काउंजिका घेऊन जायचं?"

मग मंडळाची खरेदी बाहेर निघाली. वासाची पावडर. दुधाची बाटली, आईच्या छातीत दूध असताना. वर्षाच्या पोरीला होईल असा लेसचा फ्रॉक, आणि बाळ मुलगा होता. शेवटी लाल पट्ट्यांचा एक टाय.

"हा कुणाला?"

"बापाला. बापाचाही मान असतो."

"वायसन विटा भाजतो, नाफिरी. टाय लावून भट्टीत उतरेल?"

कोपऱ्यातल्या दोघी-तिघी तोंडावर हात धरून हसल्या. नाफिरीनं पाहिलं तशा गप्प झाल्या.

एनेलेस टोपली नीट लावायला वाकली. तळाशी काहीतरी घडी करून ठेवलेलं होतं. तिनं ओढून काढलं. दोन वार जाडं पांढरं कापड. ते कापड खोलीतल्या प्रत्येकीला माहीत होतं. मंडळाच्या कपाटात त्याचा तागाच असे. कुणी गेलं की त्यातून फाडायचं.

"हे कशाला?"

नाफिरीनं आवाज खाली आणला. "असू दे तळाशी. एवढंसं पोर, आज आहे उद्या नाही. पुन्हा फेरी कशाला? आणि जगलंच, तर लंगोट होतील."

ही बाई रागानं बोलली असती तर बरं झालं असतं. ती बोलली होती ती बाजारात मीठ-मिरची सांगावी तशी, आणि बाकीच्या बायकांनी माना डोलावल्या होत्या. एनेलेसनं ते कापड उचललं, आपल्या बुडाखाली ठेवलं आणि निघायची वेळ होईपर्यंत त्यावर बसून राहिली.

रुग्णालयाच्या त्या वॉर्डात आठ खाटा होत्या. आठ आया पाठ टेकून बसलेल्या, प्रत्येकीच्या उघड्या छातीला एक-एक जीव बांधलेला. कातडीला कातडी, दिवस-रात्र. आईच्या अंगाची ऊब हेच त्या पोरांचं औषध. तदाला तिसऱ्या खाटेवर होती. एकोणीस दिवस ती अशीच बसली होती. केस चिकटलेले, ओठ सुकलेले, डोळे चिखलात बुडाल्यासारखे. प्रत्येक रोग्याची उस्तवार त्याच्याच माणसानं करायची. तदालाचं माणूस म्हणजे एकटी एनेलेस. ती पहाटे येऊन बाळ घेई, तदाला अंघोळ करी, मग एनेलेस बाजारात पळे. पुढचं सगळं, चूल, भांडी, लंगोट, तदालाच करी. तेवढा वेळ बाळ खाटेवर गार पडे.

मंडळाच्या बायका पांढऱ्या ब्लाउजांत रांगेनं आत आल्या आणि त्यांचे चेहरे बदलले. एनेलेसला ते चेहरे ओळखीचे होते. पहिल्या दिवशी तिचाही तसाच झाला होता. रस्त्याकडेला पोरं काठीला टोचून भाजलेले उंदीर विकतात, त्यातला एक कुणी न भाजताच हातात द्यावा, तसं तिला वाटलं होतं. लाल, सुरकुतलेलं, अंगावर लव, डोळे शिवल्यासारखे. हात धुवायचं निमित्त करून ती बाहेर गेली होती आणि भिंतीमागं ओकली होती. बहिणीचं नातवंड पाहून ओकणारी मावशी. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, आणि स्वतःला माफही केलं नव्हतं.

नाफिरीनं नाकाला रुमाल लावला. मग फोन काढला.

"पोरी, जरा बाहेर काढ की त्याला. टोपलीशेजारी ठेवू. पाद्रीबाबांना फोटो पाठवायचाय."

वडीलधारी बाई सांगतेय म्हणून तदालाचा हात आपोआप छातीवरच्या गाठीकडं गेला. एनेलेसनं तो हात वरच्यावर धरला.

"गाठ सुटणार नाही."

"एका मिनिटात काय होतंय?"

उत्तर दिलं ते सिस्टर चिसालेनं. ती वजनाचा कागद घेऊन मागं उभी होती. "दोन दिवसांत चाळीस ग्रॅम उतरलंय, बाई. अशाच एकेका मिनिटानं उतरलंय. असंच चाललं तर हे पोर माझ्या हातून जाईल. हिला टोपली नकोय, हिला दुसरी छाती हवीय. दिवसातून तीन-चार तास कुणीतरी बाळ बांधून बसा, म्हणजे ही खाईल, झोपेल."

बायका जमिनीकडं बघायला लागल्या. नाफिरी मात्र तयार होती.

"सिस्टर, तुम्ही शिकलेल्या आहात, पण आमच्या रिती आहेत. नवऱ्याजवळ झोपणारी बाई गरम असते. गरम अंगानं कोवळ्या बाळाला हात लावला की बाळ आतून कापलं जातं. आम्ही का पाप घ्यावं?"

रीत खरी होती. एनेलेस त्याच रितीत वाढली होती, आणि तरण्या बायकांना त्यापायी तिनं कधी नावं ठेवली नसती. पण नाफिरीचा रुमाल अजून नाकावर होता.

"खरंय," एनेलेस म्हणाली. "नवरेवाल्यांनी हात लावू नये. पण नाफिरी, तुमच्या मालकांना जाऊन नऊ वर्षं झाली."

वॉर्डात कुणीतरी खोकलं. नाफिरीनं अंग गरम आहे म्हणावं, तर गरम कुणी केलं ते सांगावं लागणार. मंडळाच्या सगळ्या बायका आता जमिनीवरून नजर उचलून मोठ्या आस्थेनं अध्यक्षबाईंकडं बघत होत्या.

"मी... माझी कंबर दुखते."

"गेल्या मयताला तीन रात्री चटईवर झोपलात, तेव्हा नाही दुखली," एनेलेस म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण थांबतही नव्हता. "हे पोर उद्या मेलं तर तुम्ही सगळ्या याल. पीठ आणाल, लाकडं आणाल, तदालाला मध्ये घेऊन झोपाल, गाल. मला माहीत आहे, छान गाता. मला त्याची शिसारी येते. तेच पीठ आज आणा. तीच चटई आज टाका. नवरेवाल्यांनी पाणी भरावं, लापशी करावी. विधवांनी छाती द्यावी. माझ्यासकट आपण पाच आहोत."

तदाला रडायला लागली, अगदी आवाज न करता. बाळ हलू नये म्हणून.

नाफिरीनं दाराकडं पाहिलं. दारात मंडळातल्याच दोघी उभ्या होत्या, आणि त्या बाजूला झाल्या नाहीत. शेवटी सिस्टरनं तिला साबण दिला. ती हात धुऊन आली, छाती धुऊन आली, पडद्याआड ब्लाउज काढताना पुटपुटत होती. एनेलेसनं बाळ तिच्या अंगावर बेडकासारखं पसरून ठेवलं, वरून आपलं जुनं चितेंजे घट्ट बांधलं, शर्टाची बटणं लावली. नाफिरीनं मान इतकी वर धरली होती की कुणी तिला विष पाजतंय असं वाटावं.

"हे हलतंय," ती म्हणाली.

"हललंच पाहिजे."

"शी. ओलं झालं. नाबांडा, ओलं झालं."

"लंगोट गळला असेल. बसून राहा, मी बदलते."

तदाला अंघोळीला गेली, ती परत आल्यावर बसल्या बसल्याच झोपली. नाफिरी चार तास बसली. मधे कुणाला कळणार नाही अशा बेतानं तिनं हनुवटी खाली करून आत एकदा पाहिलं.

पाळ्या सुरू झाल्यावर पाचव्या दिवशी काटा पहिल्यांदा वर गेला. दहा ग्रॅम. वायसन भट्टीवरून तसाच राखेनं माखलेला आला, आणि खिडकीबाहेर उभा राहून त्यानं तो आकडा सिस्टरकडून तीनदा वदवून घेतला.

नाफिरी तोवर वॉर्डभर सांगत सुटली होती. "माझ्या अंगात पहिल्यापासून ऊब जास्त. माझ्यामुळं वाचलं पोर. पाद्रीबाबांनाही सांगितलंय." दोन वार कापडाचं तिला आता आठवतही नव्हतं.

या बाईच्या तोंडाकडं पाहून जेवण जाणार नाही, असं एनेलेसला वाटलं, आणि ते बदलेल अशीही काही चिन्हं नव्हती. तिनं पेन्सिल ओली केली, उद्याच्या पाळ्यांचा कागद गुडघ्यावर घेतला आणि सकाळच्या रकान्यात, जिथं थंडी सगळ्यात जास्त असते तिथं, नाफिरीचं नाव लिहिलं.