गळती थांबली त्या दिवशी

मित्रांनो, कोलोरॅडोच्या डोंगरवाटेवर एका वळणाशी गवतात उभी असलेली ही जुनी जीप म्हणजे मी. माझ्याकडे आता कोणी फिरकत नाही. सांगायला मात्र मला भरपूर वेळ आहे.

माझे मालक व्हर्लिन हॅस्केट मेंढ्या पाळत. चाळीस वर्षे मी त्यांच्यासाठी मीठ, कुंपणाच्या तारा आणि आजारी कोकरे वाहिली. माझ्या इंजिनातून तेल गळायचे. येणारेजाणारे नाके मुरडायचे. मालक मुकाट्याने माझ्याखाली पुठ्ठा सरकवायचे. गळती फारच वाढली, की बुचाच्या तावातून सांध्यात बसवायचे नवे गॅस्केट स्वतः कापायचे. त्यावरचा चिकट लेप बोटाने इतका पातळ पसरायचे, की लावला की नाही ते कळू नये. त्या हातांचा मला फार अभिमान होता.

मालकीणबाई गेल्या, तेव्हा मालकांनी त्यांची राख वरच्या कुरणात विखुरली. दर सप्टेंबरात मालक तिथे जाऊन बसत. मग त्यांना झटका आला. उजवे अंग गेले आणि वाचाही गेली. डावा हात कुरणाकडे दाखवत ते दिवसच्या दिवस खिडकीत बसून राहत. ते पाहून मला फार वाईट वाटे.

त्यांचा मुलगा क्लीट शहरातून आला. मनाने चांगला, पण भारी घाईचा. बर्फ पडण्याआधी वडिलांना वर न्यायचे, असे त्याने ठरवले आणि माझी गळती कायमची बंद करायला घेतली. तेलाच्या चेंबरला नवे गॅस्केट लावताना त्याने सिलिकॉनच्या चिकट लेपाची अख्खी ट्यूब त्यावर थापली. चाकांच्या खुर्चीतून मालक अंगठा आणि बोट एकमेकांवर दाबून दाखवत होते. पातळ लाव, पातळ.

"हो बाबा, थोडंच राहिलंय," क्लीट म्हणाला.

दुसऱ्या दिवशी माझ्याखालची जमीन कोरडी होती. खोटे कशाला बोलू, मीही सुखावले. पण बोल्ट आवळताना जास्तीचे सिलिकॉन आत सरकले होते. मालकांना शेजारी बसवून क्लीटने कुरणाची वाट धरली, तेव्हा चढावर त्या सिलिकॉनचे तुकडे सुटले आणि तेल ओढणाऱ्या जाळीवर जाऊन बसले; तेल इंजिनात वर चढेना. तेलाच्या दाबाचा काटा शून्यावर आला.

"हा काटा जन्मात कधी खरं बोललाय?" म्हणून क्लीट हसला.

मी खडखडू लागले. मालकांनी तो आवाज लगेच ओळखला. डाव्या मुठीने ते माझा पत्रा ठोकू लागले.

"पोचलोच बाबा, जरा दम धरा." त्याने वेग आणखी वाढवला.

याच वळणावर माझे इंजिन जाम झाले. कुरण अजून दोन मैल होते आणि खुर्ची त्या दगडांवरून जाणार नव्हती. मालकांनी माझ्या पत्र्यावर तळवा ठेवला आणि ते रडले. संध्याकाळी बर्फ भुरभुरू लागले, तेव्हा शेजाऱ्याने त्यांना आपल्या गाडीतून खाली नेले. मी इथेच राहिले.

पुढच्या जूनमध्ये क्लीट पायी आला. हातात पत्र्याचा डबा होता, त्यात मालकांची राख. तो डबा त्याने त्यांच्या जागेवर ठेवला आणि शेजारी बसला.

"बाबा, तुम्ही सांगत होता. हीसुद्धा सांगत होती," तो हळूच म्हणाला. "मीच ऐकलं नाही."

मग डबा उचलून तो एकटाच चढ चढत गेला.

मित्रांनो, ज्यांना बोलता येत नाही, ती माणसे असोत की यंत्रे, त्यांनी ठोकून सांगितले तर क्षणभर थांबत जा. क्लीटने बसवलेले गॅस्केट अजून पक्के आहे. तेल सगळे आत आहे, एक थेंबही गळलेला नाही.