कोमट पाणी

"चिमूटभर म्हणजे किती? दाखव बरं."

लुडगरने अंगठा आणि दोन बोटे जुळवून दाखवली. मार्लीसने उशीवरूनच कपाळाला हात लावला.

"अरे देवा! तुझी चिमूट म्हणजे दुसऱ्याची मूठ. याच्या अर्धं. अर्ध्याचंही अर्धं. आणि एक दिवसाआड."

"अगं, कोळंब्या आहेत त्या. वाघ नाहीत."

"म्हणूनच सांगतेय. जास्त झालं की पाणी नासतं. तेवढं टाकायचं आणि बाहेर यायचं. बाकी कशाला हात लावू नकोस."

"आणि पाणी?"

"पाण्याचं मी आल्यावर बघते."

नर्स तिचा पलंग ढकलत न्यायला आली. पित्ताशय काढायचे होते. दोन दिवसांत घरी सोडतो म्हणाले होते. पण आत सूज फार निघाली, पोट उघडावे लागले आणि मार्लीसचा मुक्काम लांबला.

लुडगर ब्रिंकहोफ प्लंबर होता. वुपरटाल शहरातल्या चढावरच्या निम्म्या घरांतले नळ त्याच्या हाताखालून गेले होते. गाडी उभी करून पायऱ्या चढून चौथ्या मजल्यावर पोचला की तो सरळ स्वयंपाकघरात जाऊन बसे. स्वयंपाकघर, झोपायची खोली, बाथरूम. घरातल्या चौथ्या दारापाशी त्याची पावले आपोआप समोरच्या भिंतीच्या बाजूने वळत.

ती हेंड्रिकची खोली. लुडगर आणि मार्लीसचा एकुलता एक मुलगा. विसाव्या वर्षी, शिकाऊ कामावर सायकलने जाताना, एका वळणावर त्याला मालाच्या गाडीने उडवले. त्याला आता दोन हिवाळे झाले होते.

हेंड्रिकला बापाच्या हत्यारांत कधी रस वाटला नाही. त्याचा सगळा जीव त्या काचेच्या टाकीत. पावलिक नावाच्या म्हाताऱ्याकडून त्याने मूठभर फिकट निळसर कोळंब्या आणल्या होत्या, नखाएवढ्या. प्रत्येक पिढीतल्या फिक्या तो वेगळ्या काढी आणि सर्वांत गडद तेवढ्याच ठेवी. असे करत करत, शाळा सुटून काम लागेपर्यंत, त्याच्याकडच्या कोळंब्या शाईसारख्या निळ्या झाल्या. बाजारातही तशा निळ्या मिळत, पण या त्याच्या होत्या, त्याने निवडलेल्या. तो गेल्यावरही त्यांना पिल्ले होत राहिली, आणि मार्लीस त्यांना जपत राहिली. लुडगर त्या खोलीत गेला नाही. त्याने त्या वर्षी बाथरूम उखडले. जुने शिशाचे पाइप काढून तांब्याचे घातले, एकेक सांधा स्वतः डाख देऊन जोडला, फरशी बसवली. रोज कामावरून आला की भिंतीत डोके घालून बसे. काम संपले तेव्हा मार्लीस दारात उभी राहून म्हणाली, "छान झालंय रे," आणि दोघेही त्या चकचकीत नळाकडे बघत राहिले, कारण एकमेकांकडे बघणे जमत नव्हते.

तरी टाकीचे पाणी बदलायला मार्लीस तळघरात जाई. कपडे धुण्याच्या खोलीतल्या जुन्या नळावरून बादली भरून चार मजले चढवत आणी. लुडगर जिन्यात भेटला तर म्हणे, "वरती नळ नाही का?" ती म्हणे, "तेवढेच पाय मोकळे होतात." त्याला वाटे, दुःखात माणूस काहीही करतो. आपण नाही का बाथरूम बांधले?

पहिल्या दिवशी लुडगरने दार उघडले, श्वास धरून आत गेला, टाकीत खाणे टाकले आणि बाहेर आला. दोन मिनिटेही लागली नसतील. स्वयंपाकघरात येऊन त्याने पाव कापला आणि तसाच ठेवला.

दुसऱ्या खेपेला तो थोडा रेंगाळला. खाण्याचा कण तळाला टेकताच शेवाळातून, बीच झाडाच्या वाळक्या पानांखालून त्या येऊ लागल्या. आधी एक, मग चार, मग मोजता येणार नाहीत इतक्या. पुढच्या बारीक पायांनी त्या खाणे तोंडाशी नेत होत्या, विणकाम करणाऱ्या बायांसारखे हात भराभर चालत होते. नीट दिसावे म्हणून लुडगरने हेंड्रिकची खुर्ची ओढली आणि बसला. बसल्यावर त्याच्या लक्षात आले की आपण बसलो आहोत.

संध्याकाळी त्याने इस्पितळात फोन केला.

"एकीच्या पोटाखाली अंडी आहेत गं. पिवळसर. सारखी पायांनी वारा घालत असते त्यांना."

पलीकडे पलंग करकरला.

"तू बसलास खोलीत?"

"मग? उभ्याने दिसतं काय! आणि माझे गुडघे वाकत नाहीत, तुला ठाऊक आहे."

मार्लीस हसली आणि लगेच कण्हली. "हसवू नकोस रे मेल्या, टाके ओढतात."

त्यानंतर तो रोज बसू लागला. खाणे एक दिवसाआड, बसणे रोज. अंडीवाली त्याला ओळखू येऊ लागली. तिची एक मिशी तुटकी होती. कामावर त्याचा जोडीदार डिर्क म्हणाला, "मार्लीस नाही म्हणून जेवायचे हाल? घरात कोळंबी आहे की! लोणी, लसूण, वरून लिंबू." एरवी लुडगर हसला असता. त्या दिवशी त्याने हत्यारांची पेटी बंद केली आणि गाडीत जाऊन बसला.

मार्लीसला सोडायचा दिवस ठरला. टाकीतले पाणी बरेच खाली उतरले होते, काचेवर हिरवा थर चढला होता. लुडगरच्या डोळ्यांसमोर आले, ही घरी येणार, आल्या आल्या बादली घेऊन तळघरात उतरणार आणि पोटाला टाके असताना चार मजले चढणार. सांगून ऐकणाऱ्यातली ती नव्हतीच. तेव्हा ती यायच्या आधीच काम उरकून टाकायचे.

त्याने काच पुसली. नळीने जुने पाणी काढले. मग आपल्या बाथरूमच्या नळाखाली बादली धरली. मार्लीस इस्पितळात गेल्यापासून तो कामावरच अंघोळ करून येत होता, त्यामुळे हा नळ कितीतरी दिवसांत सोडलाच नव्हता. गार पाण्याने जीव गारठतील म्हणून त्याने गरम नळही सोडला आणि मनगटाची आतली बाजू धारेखाली धरली. हेंड्रिक तान्हा असताना त्याची अंघोळ लुडगरकडेच असे, आणि तेव्हा तो असेच मनगट धरून बघे. पाणी बरोबर जमले. ना गार, ना ऊन. त्याने ते कपाकपाने, शेवाळ हलणार नाही इतक्या हळू टाकीत सोडले.

सकाळी तो खोलीत गेला तर सगळी टाकी जागी होती. एकही कोळंबी पानाखाली नव्हती. सगळ्या वर-खाली, इकडून तिकडे सुसाट पोहत होत्या. त्याला इतका आनंद झाला की त्याने तिथूनच फोन लावला.

"मार्लीस, तू बघायला हवी होतीस! नाचतायत सगळ्या!"

"नाचतायत म्हणजे?"

"म्हणजे पळापळ चाललीय नुसती. वर जातात, काचेवर आपटतात, परत खाली. ताजं पाणी मिळालं ना! म्हटलं तुला येऊन बादल्या नकोत..."

"लुडगर." तिचा आवाज एकदम बारीक झाला. "कुठलं पाणी घातलंस?"

"आपल्या बाथरूमचं. कोमट करून."

तिच्या मागे कुणाच्या तरी नाश्त्याच्या ताटांचा आवाज येत राहिला.

"मार्लीस?"

"पावलिकांना फोन कर. आत्ता. त्यांना म्हणावं, पाणी घेऊन या."

पावलिक आयुष्यभर ट्राम चालवून निवृत्त झालेला, पातळ केसांचा म्हातारा. दोन मोठे डबे पाणी घेऊन तो चार मजले चढून आला, दारातच धापा टाकत थांबला. टाकीकडे एकदा बघून त्याने टोपी काढली.

"तांब्याचा पाइप आहे का बाथरूमला? नवा?"

"मीच घातलाय."

"आपलं इथलं पाणी मऊ, क्षार कमी. नव्या पाइपात साचून राहिलं की तांबं उतरतं त्यात. गरम असलं तर जास्तच. माणसाला एवढ्यानं काही होत नाही हो. यांना सोसत नाही."

दोघांनी मिळून पाणी काढले, पावलिकचे घातले, पुन्हा काढले. लुडगर खाली-वर पळत तळघरातून बादल्या आणत होता. पण पोहणे मंदावत गेले. एकेक कोळंबी तळाशी येऊन कुशीवर पडू लागली, पाय हलत राहत, मग तेही थांबत. मेल्यावर त्यांचा निळा रंग जाई. त्या गुलाबी पांढऱ्या होत, ताटात वाढल्यासारख्या.

"मार्लीसला माहीत होतं हे?" लुडगरने विचारले.

पावलिक जाळीने मेलेल्या गोळा करत होता. त्याने वर बघितले नाही. "मीच सांगितलं होतं तिला. तुमचं बाथरूम झालं तेव्हा. म्हणून तर ती तळघरातून आणायची."

"मग मला का नाही सांगितलं तिने?"

"ते तिलाच विचारा, ब्रिंकहोफ. मला कशाला विचारता?"

जाताना तो जिन्यात थांबला. "माझ्याकडे आहेत. तिला सांगा, हव्या तेवढ्या देतो."

दुपारी लुडगर तिला आणायला गेला. गाडीत पट्टा पोटावर दाबू नये म्हणून तिने हात मध्ये धरला होता.

"एक आहे अजून," तो म्हणाला. "अंडीवाली."

"चल मग."

जिना चढायला तिला फार वेळ लागला. प्रत्येक मजल्यावर ती कठड्याला टेकून उभी राही आणि तो पिशवी घेऊन एक पायरी खाली थांबे. पावलिकचा निरोप त्याने तिसऱ्या मजल्यावर सांगितला.

"नको," ती म्हणाली. "चांगल्या असतात त्यांच्या. पण नको."

खोलीत ती हेंड्रिकच्या खुर्चीवर बसली. लुडगर दारात घुटमळला, मग स्वयंपाकघरातून दुसरी खुर्ची घेऊन आला आणि तिच्या शेजारी ठेवली. टाकी स्वच्छ होती, एवढी स्वच्छ की रिकामी वाटावी. पुढच्या काचेजवळ एका पानावर ती तुटक्या मिशीची कोळंबी बसली होती. पोटाखालची निम्मी अंडी गळून गेली होती. उरलेल्यांना ती वारा घालत होती, थांबत होती, पुन्हा घालत होती.

"का नाही सांगितलंस मला?" लुडगर म्हणाला. आवाज चढवायचा नव्हता, तरी चढला. "एवढंच म्हणायचं होतं ना, लुडगर, त्या नळाचं पाणी घालू नकोस! एक वाक्य! माझा धंदा आहे तो!"

"म्हणूनच."

"म्हणूनच काय?"

मार्लीस टाकीकडेच बघत होती. "तू जेवत नव्हतास. बोलत नव्हतास. दिवसभर काम करून यायचास आणि रात्री त्या भिंतीत हात घालून बसायचास. मला वाटायचं, हे बाथरूम संपलं की हा माणूस पण संपतो. आणि मग ते झालं, आणि तू मला बोलावून नळ उघडून दाखवलास." ती थांबली. "तेव्हा कसं सांगू तुला, की तुझ्या पाण्यानं त्याच्या कोळंब्या मरतील?"

लुडगरने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते आणि ते तिथेच राहिले.

"इस्पितळात तरी सांगायला हवं होतं," ती म्हणाली. "पण तू खोलीत जाशील असंच मला वाटलं नव्हतं. खाणं टाकून पळशील म्हटलं. मग फोनवर म्हणालास, बसलो होतो. मला इतकं बरं वाटलं ना रे, की बाकी सगळं डोक्यातूनच गेलं."

खाली रस्त्यावरून शाळा सुटलेली मुले ओरडत गेली.

"त्याने पहिल्यांदा पिल्लं बघितली तेव्हा काय म्हणाला होता?" लुडगरने विचारले. "मी नव्हतो घरी. तू होतीस."

मार्लीसने मान वळवून त्याच्याकडे बघितले. मुलाबद्दल त्याने काही विचारले, असे दोन वर्षांत झाले नव्हते.

"म्हणाला काहीच नाही. ओरडत स्वयंपाकघरात आला, माझा ओला हात धरून मला ओढत नेलं. मला तर काही दिसेना. म्हणे, मम्मा, श्वास सोडू नकोस, काचेवर वाफ येते. मी श्वास धरून उभी. आणि मग दिसली. डोळ्यातली कुसळं असावीत तेवढी."

"मग?"

"मग म्हणाला, पप्पांना पण दाखवू या. तू आलास तेव्हा झोपला होता."

लुडगरने मान खाली घातली. त्याचे खांदे हलू लागले. मार्लीसने त्याला रडू दिले. ती स्वतः रडली नाही; टाके ओढले असते, किंवा तिचे रडून झाले होते. एक हात पोटावर आणि एक त्याच्या पाठीवर ठेवून ती त्याला सांगत राहिली. फिक्या कोळंब्या वेगळ्या काढताना हेंड्रिक त्यांची माफी कशी मागायचा. शेजारणीच्या मांजरीवर त्याने कसा डूख धरला होता. टाकीवरचा हा दिवा त्याने पहिल्या पगारातून कसा आणला. लुडगर मधूनमधून विचारी, "मग?" आणि ती पुढचे सांगे.

ऊन खिडकीवरून सरकले तेव्हा पानावरचे पाय थांबले होते. कोळंबी हळूच कुशीवर झुकली, आणि बराच वेळ दोघेही वाट बघत राहिले.

"गेली," मार्लीस म्हणाली. "काढ तिला. मला हात वर नेता येत नाही."

लुडगर उठला. त्याने शर्टाची बाही कोपरापर्यंत सारली. जाळी शेजारीच होती, पण त्याने ती घेतली नाही. हात पाण्यात घातला, पानाखाली नेला आणि तिला ओंजळीतल्या पाण्यासकट वर आणले. पाणी बोटांतून गळून गेले. डाखाच्या जुन्या डागांनी भरलेल्या त्या रुंद तळव्यावर तिचे वजन कळतच नव्हते. आहे की नाही हे पाहायला त्याला खाली बघावे लागले.

मार्लीस खुर्चीचा आधार घेऊन उभी राहिली आणि तिने त्याच्या हाताखाली आपला हात धरला.