'नाही'च्या रकान्यातली खूण

विमाताईचं अक्षर देखणं होतं, पण तिचं नाव झालं होतं ते 'नाही'च्या रकान्यातल्या खुणेमुळे. आधीचा आजार दिसला की विमा कंपनी अर्ज दारातूनच परत पाठवायची, म्हणून बारा वर्षं एजंट म्हणून ती आपल्या माणसांचे आजार पोटात घालत आली होती. दमा? नाही. फिट येतात? छे. समोरचा माणूस खोकत असायचा आणि ही मान खाली घालून खूण करत असायची.

मग कायदा बदलला. आजारी आहे म्हणून आता कुणालाही नाकारायचं नाही; उलट असेल ते खरं सांगायचं, उपचार सरकार करणार. जुने अर्ज रद्द, महिनाअखेरीपर्यंत सगळ्यांचे नवे. बाकीच्या एजंटांनी कपाळाला हात लावला, आता आपल्याला विचारतो कोण म्हणून. विमाताईला मात्र हायसं वाटलं. मनावरचा केवढा तरी दगड उतरणार होता.

पहिला अर्ज इस्त्रीवाल्या काकांचा. तिने दम्याचं विचारलं तर काका हसायलाच लागले. तुम्ही तो कागद भरलात तेव्हापासून साधी शिंकसुद्धा आली नाही, म्हणाले. तिनेही थट्टेवारी नेलं आणि 'आहे'वर खूण केली. तीन दिवसांनी ती त्याच गल्लीतून गेली तेव्हा दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. आत काका स्टुलावर वाकून बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर, छातीतून बारीक शिट्टी वाजत होती.

"ताई," श्वास गोळा करत ते म्हणाले, "जुनी पाहुणी परत आली बघा."

त्यानंतर शाळेतल्या निवृत्त बाई. बारा वर्षांत त्यांना फिट आली नव्हती. मंगळवारी खूण केली आणि गुरुवारी त्या ओट्यापाशी कोसळल्या. नळ तासभर तसाच वाहत होता, असं त्यांच्या मुलाने फोनवर सांगितलं.

विमाताईने डायरी काढली. तिने 'नाही'चं 'आहे' केलेली अकरा माणसं. एकेकाला फोन लावला. अकराच्या अकरा आजारी. ज्यांचं पहिल्यापासून खरं लिहिलेलं होतं, त्यांचं मात्र होतं तसंच चाललं होतं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "तू काय यमाची कारकून आहेस?" तीही हसली. पण हसता हसता तिची नजर टेबलाखाली गेली. तिथे तिची लेक चिमणी पोटावर पडून चित्रं रंगवत होती.

चिमणी सहा वर्षांची. ती जन्मली तेव्हा डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवून हृदयातलं छिद्र दाखवलं होतं. विसाव्या दिवशी ओली बाळंतीण असलेल्या विमाताईने तिचा अर्ज भरला. खूण 'नाही'वर केली. तीन महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरांना छिद्र सापडलंच नाही. अशी छिद्रं आपोआप बुजतात, ते म्हणाले. तिने ते मानलं. आजवर मानत आली होती.

आता सगळ्यांचे अर्ज झाले होते, राहिला होता तो चिमणीचाच. शेवटच्या दिवशी दुपारी तिला शाळेतून घेऊन ती थेट नोंदणी केंद्रात गेली. मनाशी पक्कं केलं होतं, 'नाही'च लिहायचं. खोटं पकडलं गेलं तर काय व्हायचं ते होऊ दे. पण खिडकीपलीकडच्या मुलीने पडदा तिच्याकडे फिरवला तर अर्ज आधीच भरलेला. दवाखान्यांच्या नोंदी आता परस्पर येतात, ती कौतुकाने म्हणाली. चिमणीच्या नावापुढे लिहिलं होतं, जन्मतः हृदयात छिद्र: आहे.

"तुम्हाला फक्त 'मान्य'वर बोट ठेवायचंय, मॅडम."

"ते कधीच बुजलंय."

"नोंद राहतेच. आणि फायदाच आहे की. उद्या काही झालं तर..."

हे वाक्य विमाताईने आजवर शेकडो घरांत म्हटलं होतं, चहाचा कप हातात धरून, गोड आवाजात. ते आपल्याला कुणी ऐकवल्यावर कसं लागतं, हे तिला आज कळलं.

तिने बोट पुढे नेलं. शेजारी खिडकीच्या कठड्याला लोंबकळून चिमणी शाळेतलं गाणं गुणगुणत होती. बोट 'मान्य'पाशी पोचलं आणि गुणगुण थांबली. विमाताईने बोट मागे घेतलं. गुणगुण सुरू झाली, जिथे तुटली होती त्याच शब्दापासून. तिने पुन्हा बोट नेलं. पुन्हा शांत. चिमणीचं तिच्याकडे लक्षही नव्हतं.

"नाही म्हटलं तर?"

"तर हिला कसलंच कवच नाही. पाच वर्षं पुन्हा अर्जही करता येणार नाही. मॅडम, तुम्ही स्वतः एजंट ना?"

विमाताईने 'अमान्य'वर बोट दाबलं.

घरी लिफ्ट बंद होती. चिमणी दोन दोन पायऱ्या उड्या मारत पुढे गेली. दुसरा मजला, तिसरा. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर पावलांचा आवाज थांबला.

"आई, थांब ना जरा."

विमाताई उरलेल्या पायऱ्या धावत चढली. चिमणी पायरीवर वाकून बसली होती.

"बुटात खडा गेलाय," ती म्हणाली.

विमाताई तिच्या शेजारी बसली. बूट काढला, उलटा करून झटकला. खडा काही पडला नाही. तिने पुन्हा झटकला. मग दुसरा हात हळूच लेकीच्या पाठीवर ठेवला आणि तो तसाच ठेवून ती कितीतरी वेळ बसून राहिली.